काय म्हणते घर?

वहिनी,

तुझी तेरवी आटोपली. पाहुणे आपापल्या गावी गेले. पंगत उठल्यावर ओसरीवर सगळे बसले होते, तेव्हा मी तुझी खडूची गोष्ट सांगितली. आपल्या घरात चार माणसं जमली आणि मी गोष्ट सांगितली नाही, तर लोकांना वाटतं बापूची तब्येत बरी नाही. म्हणून सांगितली. आणि याही वेळी माझ्याच बाजूनं सांगितली. म्हणजे खडूची अक्कल माझी, आणि बाकीची मेहनत तुझी.

"मग मी वहिनीला म्हटलं" इथपर्यंत आलो आणि थांबलो. इतकी वर्षं नेमक्या याच ठिकाणी आतून भांडं आपटायचं आणि पाठोपाठ तुझा आवाज यायचा, "खोटं. म्या म्हटलं." मग मी पुढं जायचो. या वेळी भांडं वाजलं नाही आणि मला पुढचं वाक्यच आठवेना. लोकांना वाटलं, बापूला गहिवरून आलं. कोणीतरी पाण्याचा पेला पुढं केला. खरं सांगायचं तर मी तुझी वाट पाहत होतो.

तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तू गेलीस म्हणून तो वाद मिटला असं समजू नको. खडू माझा होता.

तू या घरात आलीस तेव्हा मी मॅट्रिकचा अभ्यास करत असल्याचं सोंग करत होतो. तुझ्या माहेरची माणसं बिरशाकडची. तुझ्या वडिलांची तिकडं नाल्याकाठी रोशा गवताचं सुगंधी तेल काढायची भट्टी होती. लग्नात तुझ्याबरोबर एक ट्रंक आली, आणि ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांमध्ये रोशाच्या तेलाच्या बाटल्या. आमच्या घरात तोवर सुगंध म्हणजे फोडणी आणि उदबत्ती. तू ट्रंक उघडलीस आणि ओसरीवर बसलेल्या बाबांनी तिथूनच विचारलं, "गुलाब कोणी आणला?" तू आतूनच म्हणालीस, "गुलाब नाई मामंजी, गवत आहे." बाबांना ते फार आवडलं. पुढं ते कोणालाही सांगायचे, आमच्या सुनेनं हुंड्यात गवत आणलं.

पुढच्याच पावसाळ्यात तुला तो मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना तुझं नाक घेऊन गेला. आधी आम्हाला कळलंच नाही. तुलाही कळलं नव्हतं बहुतेक. एक दिवस चुलीवर दूध करपून पार काळं झालं, आम्ही सगळे ओरडत आत आलो, आणि तू शेजारीच बसून शांतपणे मेथी निवडत होतीस. मग तू उठलीस, ट्रंकेतली बाटली काढलीस, बूच उघडून नाकाशी धरलीस. बराच वेळ धरलीस. पुन्हा बूच लावलंस आणि म्हणालीस, "पाणी झालं याचं."

त्यावर तू रडली नाहीस, निदान आमच्या समोर. तू कानानं स्वैपाक करायला शिकलीस. मोहरी किती तडतडली, भाजी कुठल्या आवाजात शिजते, भात कधी बोलायचा थांबतो, यावर तुझा सगळा हिशेब. आणि नाकाच्या कामासाठी तू मला धरलंस. मी घरात रिकामा होतो, आणि माझं नाक हा माझा एकमेव धड अवयव आहे असं तुझं मत होतं. "बापू, पाह्य बरं दूध नासलं का?" "बापू, या पिठाले वास येते का?" मी म्हणायचो, "येते थोडा." तू म्हणायचीस, "थोडा म्हणजे किती? कशासारखा?" शाळेनं मला मास्तर करण्याआधी तू मला असं विद्यार्थी करून ठेवलं होतंस.

तेवढ्यात राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडं मराठी मुलखात गेलं आणि आपण इकडं हिंदी मुलखात राहिलो. बाबांच्या बैठकीला त्यामुळं मोठं काम मिळालं. रोज संध्याकाळी ओसरीवर सतरंजी पडायची आणि बाबांचे दोस्त जमायचे. सगळ्यांत आधी चिंधूकाका. त्यांचं घर आपल्या मागच्या गल्लीत, पण ते यायचे असे की जणू गोंदियाहून आलेत. छत्री, दुपट्टा, पानाचा डबा. मग नागपूर जायला हवं होतं की नको यावर भांडण. नागपूर कधीच गेलं होतं, पण यांचा निकाल लागायचा बाकी होता. बाबांना जेवण एक वेळ नसलं तरी चालायचं, बैठक लागायचीच.

मग बाबांच्या पायाला ती जखम झाली. साखरेची जखम, भरेना. डॉक्टर यायचे, पट्टी बदलायचे, औषध द्यायचे. बाबांना ओसरीलगतच्या खोलीत खाटेवर आणलं, म्हणजे खाटेवरून त्यांना दार दिसायचं आणि दारातून सतरंजी. पहिल्यांदा सगळे दोस्त आले. मग एकेक जण कमी झाला. कोणाची शेती निघाली, कोणाचा गुडघा धरला. चिंधूकाका सगळ्यांत शेवटी गेले, आणि गेले ते इतक्या घाईनं की छत्री ओसरीच्या खांबालाच टांगलेली राहिली. ती न्यायलाही आले नाहीत.

तरी बाबा रोज संध्याकाळी म्हणायचे, "सूनबाई, सतरंजी टाक." तू टाकायचीस. अंधार पडला की गुंडाळायचीस. बाबा भिंतीकडं तोंड करून म्हणायचे, "त्याहीले काम असन."

शाळेच्या सुट्टीत मी लालबर्र्याहून घरी येऊन तीन आठवडे झाले होते. तोवर मला तिथल्या शाळेत नोकरी लागली होती, आणि एरवी दर शनिवारी मी बसनं बालाघाटला येत होतो. तू मला चुलीपाशी बोलावलंस आणि आवाज न चढवता विचारलंस, "मामंजीच्या खोलीचा वास येते का?"

मी म्हणालो, "नाई बा."

तू दादाला विचारलंस. दादा म्हणाला, "छे."

"तुमी घरातले आहा," तू म्हणालीस. "तुमच्या नाकाले सवय झाली. माह्यापेक्षा तुमचं नाक काही बरं नाई सध्या." आणि मग मला म्हणालीस, "बापू, तू राजेगावले जाय, बाईकडं. दोन दिवस राह्य. मस्त खा, पी, तिच्या पोराबरोबर नदीवर जाय. अन् वापस आला की दारातच थांबजो. आत यायचं नाई. दारातून सांगजो मले."

नाक धुवायला बहिणीकडं पाठवलेला माझ्याशिवाय दुसरा माणूस मी तरी ऐकलेला नाही. बाईनं विचारलं, कसा काय आलास मधेच, तर मी सांगितलं, वहिनीनं हवा बदलायला पाठवलं. ते खोटं नव्हतं. राजेगावला मी मासे खाल्ले, झोपलो, बाघ नदीच्या वाळूत फिरलो, आणि परत आलो.

तू दारातच उभी होतीस. एक हात चौकटीवर आडवा. जकात नाक्यावर असतो तसा.

"काय म्हणते घर?" तू विचारलंस.

वहिनी, मला त्या क्षणी कळलं की आपण इतके दिवस कशात राहत होतो. मी एक पाऊल मागं गेलो, ते तू पाहिलंस. त्यानंतर खोटं बोलून काही उपयोग नव्हता. तुला वास येत नसे, पण माणसाच्या नाकपुड्या तू वर्तमानपत्रासारख्या वाचायचीस.

"सांग ना," तू म्हणालीस. "काय म्हणते?"

मी म्हणालो, "नको येऊ म्हणते."

तू हात काढून घेतलास. "हौ," म्हणालीस. एवढंच. आणि आत जाऊन चहा टाकलास. मला वाटलं, विषय संपला. तुला ओळखायला मला पुढंही बरीच वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी तू घर बाहेर काढलंस. बाबांची गादी फोडून जुना कापूस जाळला, नवा भरला. खाट उन्हात गेली. जमीन घासून धुतली. बाबांच्या चादरी रोजच्या रोज उकळायला लागल्या. दादा म्हणाला, "येवढं कायले? थोडं अत्तर शिंपड ना." तू म्हणालीस, "वासावर वास चढवला त माणूस दोन्हीपासून पळते. आधी हा जाऊ दे. मंग दुसरा आणू."

दुसरा म्हणजे तुझा रोशा. तोच एक वास तुला अजून आठवत होता. तू म्हणायचीस, "बाकीचे गेले. आंब्याचा वास कसा होता मले याद नाई. रोशाचा आहे." पण तेल नुसतं वापरून चालत नव्हतं. कडक, अंगाला झोंबायचं, आणि एका जागी पडलं तर तिथंच राहायचं. तुला हवं होतं पाणी. जमीन पुसता येईल, चादरी शेवटच्या विसळण्यात बुडवता येतील, दाराला ओलं बारदान टांगता येईल असं पाणी, ज्याच्या थेंबाथेंबात वास सारखा. तुझं म्हणणं होतं की असं पाणी असतं. तुझ्या वडिलांच्या भट्टीवर वाफ थंड होऊन जे खाली यायचं, त्यात वर तेल तरंगायचं आणि खालचं पाणीसुद्धा वास घेऊन असायचं. लहानपणी तू त्या पाण्यानं न्हायली होतीस. भट्टी आता बंद पडलेली. राहिल्या होत्या ट्रंकेतल्या बाटल्या.

मी सायन्स शिकवत नव्हतो, पण मास्तर होतो, त्यामुळं मत देणं भाग होतं. मी म्हणालो, "तेल अन् पाणी मिसळत नाई वहिनी. हे पुस्तकात आहे."

"पुस्तक लिहिणाऱ्याले बैठक नसन लागत," तू म्हणालीस.

मग मी शास्त्रीय पद्धतीनं मदत करायला लागलो. बादलीत तेल ओतून जमीन पुसली. तेलाचा सगळा तवंग पहिल्याच पोतेऱ्यात आला, दारापाशी. दादा गिरणीतून आला आणि दारातून थेट बाबांच्या खाटेपर्यंत आला, मध्ये एकही पाऊल न टाकता. बाबा आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसले. दादा हसला नाही.

दुसरी शास्त्रीय पद्धत गुलाबदाणीची. लग्नाच्या सामानातली पितळी गुलाबदाणी मी शोधून काढली, त्यात पाणी आणि तेल घालून खूप हलवली आणि बाबांच्या अंथरुणावर शिंपडायला लागलो. आधी नुसतं पाणी पडलं. बाबांनी विचारलं, छप्पर गळून राह्यलं का? मी म्हणालो, नाई, औषध आहे. मी झटके देत राहिलो आणि शेवटच्या झटक्यात मागं राहिलेलं सगळं तेल एकदम बाबांच्या टकलावर आलं. ते निथळत कानामागं गेलं. बाबांनी माझ्याकडं, गुलाबदाणीकडं आणि तुझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "काय करून राह्यला रे? मी काय नवरदेव आहो?"

तू पटकन म्हणालीस, "मच्छरासाठी आहे, मामंजी. रोशानं मच्छर जाते."

बाबा म्हणाले, "जाईन नाई त काय. मीच जाऊन राह्यलो."

पण त्या दिवसापासून ते मच्छरासाठी झालं. जमीन पुसायची ती मच्छरासाठी, चादर उकळायची ती मच्छरासाठी. बाबांसमोर वास हा शब्द कोणी काढायचा नाही असा तू हुकूमच काढलास. मला तेव्हा वाटलं होतं, तू बाबांना फसवते आहेस. आता वाटतं, तू त्यांना लाजेला जागाच ठेवली नाहीस.

आणि मग तो खडूचा शनिवार.

मी आलो, सदरा काढून खुंटीला टांगला, तर खिशातून खडूचा तुकडा पडला. तू खाली बसून बाटल्या हाताळत होतीस. बोट तेलानं माखलेलं. तू तो खडू उचललास आणि मला परत दिलास. मी पाहिलं की खडूला तेल लागलं आहे, पण तेलकटपणा दिसत नाही. खडूनं ते पिऊन टाकलं होतं. इथं मी म्हणालो, "वहिनी, हा खडू कुटून त्यात तेल जिरवलं तर?" माझ्या आठवणीप्रमाणं मी असंच म्हणालो.

तुझ्या आठवणीप्रमाणं मी म्हणालो, "घे, शाळेचा खडू वाया गेला." आणि कुटायचं तू म्हणालीस.

हा वाद आपण इतकी वर्षं घातला. दोन लग्नांत, एका बारशात आणि एकदा एस.टी. स्टँडवर. खडू पडला तेव्हा कोणी साक्षीदार नव्हता, बाबा झोपले होते आणि दादा जमिनीवरून घसरल्यापासून प्रयोगाच्या वेळी घरात थांबत नसे. मी माझी बाजू सोडत नाही. पण एक मान्य करतो, की वाया गेलेल्या शाळेच्या खडूबद्दल मी हळहळलो नसेन असं मात्र नाही. दोन्ही बोललो असेन. आधी कुठलं, एवढंच राहिलं.

खडू तू खलबत्त्यात कुटलास, कापडातून गाळलास, मैद्यासारखा. मग त्यात तेल, थेंब थेंब, आणि बत्त्यानं घोटणं. ओल्या पिठासारखं झालं की थांबायचं. मग त्यात पाणी, आधी चमचाभर, घोटून पुन्हा चमचाभर. सगळं बाटलीत भरून हलवलंस, ठेवून दिलंस. खाली पांढरा गाळ बसला. वरचं पाणी धुतलेल्या धोतराच्या चार पदरी तुकड्यातून एक एक थेंब गाळलंस. पहिल्यांदा दुधासारखं आलं. तू ते परत वर ओतलंस. पुन्हा आलं ते जरा निवळ. मी जेवलो, झोपलो, उठलो, तू अजून तिथंच होतीस. संध्याकाळी बाटलीत पाणी होतं. नितळ. वर तवंग नाही, खाली काही नाही. बघणाऱ्याला वाटावं, हिनं दिवसभर बसून विहिरीचं पाणी गाळलं.

"वरचं हुंग," तू म्हणालीस. मी हुंगलं.

मग वरचं वाटीत काढून तळचं माझ्यासमोर धरलंस. "आता हे."

"सारखाच येते," मी म्हणालो.

"कसा?"

"चांगला."

"चांगला म्हणजे काय? चांगला त चिवडाही असते. बराबर सांग."

मी डोळे मिटले. तू माझ्या नाकाकडं पाहते आहेस हे मिटल्या डोळ्यांनाही कळत होतं. मी म्हणालो, "रोशाचाच आहे. पण जवळचा नाई. जसं नाल्याच्या पलीकडं कोणी गवत कापून राह्यलं, अन् हवा इकडं आहे."

मी डोळे उघडले तर तू वाटी दोन्ही हातांत धरून बसली होतीस. चेहरा असा, की या घरात नाहीसच. मग म्हणालीस, "हौ. हाच." आणि तुला काहीच येत नव्हतं, वहिनी. तुला माझ्या एका वाक्यातून आला.

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी सांगितल्या. लोक हसले, वाहवा म्हणाले, एकदा एका व्याह्यानं गोष्ट अर्ध्यात तोडून निरोपाची सुपारी हातात दिली, कारण बस सुटत होती. पण माझ्या शब्दानं कोणाला कुठं पोचवलं असेल, तर ते तेवढं एकदाच. हे तुला सांगायचं होतं. दर शनिवारी वाटायचं, सांगू. मग तू काहीतरी टोचून बोलायचीस आणि राहून जायचं.

पाणी झालं, पण माणसं कशी आणायची? मी म्हणालो, चिंधूकाकाला बोलावून आणतो. तू म्हणालीस, "बोलावू नको. बोलावलं त माणूस पाहुणा होते. पाहुण्यासारखं बसन अन् पाहुण्यासारखं जाईन. त्याहीले सांग, छत्री राह्यली आहे."

मी मागच्या गल्लीत जाऊन छत्रीचा निरोप दिला. चिंधूकाका म्हणाले, "हौ हौ, येतो," आणि ज्या आवाजात म्हणाले त्यावरून मला वाटलं, नवी छत्री घेतील पण येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते आले. सतरंजी पडली होती. दाराला ओलं बारदान होतं. आपण दोघं चुलीच्या खोलीतून फटीतून पाहत होतो, म्हणजे मी पाहत होतो आणि तू मला कोपरानं ढोसत होतीस. चिंधूकाका ओसरीच्या पायरीवर थांबले. डाव्या हातानं दुपट्ट्याचं टोक धरलं होतं, नाकापर्यंत न्यायच्या बेतानं. खांबावरची छत्री काढली. आतून बाबांचा आवाज आला, "कोण आहे?"

"मी. छत्री न्यायला आलो."

"घे मंग," बाबा म्हणाले. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं असणार, आवाजावरून कळत होतं.

"नाक पाह्य त्याहीचं," तू माझ्या कानात म्हणालीस.

दुपट्टा वर निघाला होता. छातीपर्यंत आला. मग थांबला. चिंधूकाकांनी मान जराशी पुढं केली, बारदानाकडं. पुन्हा एकदा केली. दुपट्टा हळूहळू खाली गेला आणि खांद्यावर जाऊन बसला.

"सोडला," मी म्हणालो.

बारदान बाजूला सारून ते आत डोकावले. "काय बे," त्यांनी बाबांना विचारलं, "नागपूरचं काय ठरलं?"

बाबा खाटेवर अर्धे उठले. "तुह्याविना कसं ठरन?"

दिवे लागेपर्यंत भांडण चाललं. तू दोनदा चहा दिलास, आणि तिसऱ्यांदा द्यायला निघालीस तेव्हा मी तुला धरून ठेवलं. चिंधूकाका घरी गेले आणि छत्री खांबालाच राहिली. दुसऱ्या दिवशी ती न्यायला पुन्हा आले. पुढं बाकीचे आले. त्या छत्रीनं पुढं बाबा असेपर्यंत आपली ओसरी सोडली नाही, आणि चिंधूकाका पावसात भिजत यायचे.

बैठक पुन्हा भरल्यावर एक दिवस बाबांनी तुला हाक मारली. मी तिथं होतो. म्हणाले, "सूनबाई, तुह्या पाण्यानं मच्छर पळाले बरं. तो चिंधू तेवढा वापस आला." आणि तुझ्याकडं असं पाहिलं, की मला कळलं, यांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. तू पदर सावरून म्हणालीस, "एखादा राहतेच, मामंजी." बस. या घरात कृतज्ञता अशीच व्यक्त होते.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी चार माणसं भांडत होती. त्यांना हवं होतं तसं.

पाणी नंतरही तू करत राहिलीस. गल्लीत कोणाची बाळंतिणीची खोली असो, कोणाचा म्हातारा अंथरुणाला खिळलेला असो, तुझी बाटली जायची, आणि बाटलीआधी तुझा हुकूम जायचा, आधी गादी उन्हात टाका. मी शाळेतून खडू आणायचो. मोडके, उरलेले. हे लिहून ठेवतो, नाहीतर लोक मला खडूचोर म्हणायचे.

आणि दाराचा तो आडवा हातही राहिला. बाबा गेल्यावर मला वाटलं, आता सुटलो. पण पुढच्याच शनिवारी मी पिशवी घेऊन आलो तर तू चौकटीत. "काय म्हणते घर?" आणि चांगलं-वाईट म्हणायला बंदी. मी पिशवी खाली ठेवून उभा राहायचो आणि सांगायचो. नवा तांदूळ शिजते. कोपऱ्यातलं पोतं ओलं झालं, पाह्य. मांजर कुठंतरी व्याली. एकदा मी म्हणालो, "बिडी म्हणते," आणि दादा मागच्या अंगणातून ओरडला, "हा मास्तर आहे का पोलिसाचं कुत्रं?" दादानं बिडी सोडल्याला तेव्हा दोन महिने झाले होते, तुझ्या समजुतीप्रमाणं. त्यानंतर दादा दर शनिवारी दुपारपासून बाहेर असायचा. माझं लग्न झालं, आम्ही दोघं लालबर्र्याला राहायला गेलो, तिथंही मी दारात थांबून हुंगायला लागलो, आणि बायकोनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुमच्या घरी सगळेच असं करतात का?" मी म्हणालो, नाही, या नोकरीला मी एकटाच आहे.

तू मला एवढं विचारलंस, मी तुला एकदाही विचारलं नाही, की वहिनी, काहीच न येणं कसं असतं? भिंत असते का? पांढरं असतं? मला भीती वाटायची की तू सांगशील. आणि बराबर सांगशील.

या शेवटच्या दुखण्यात तू त्याच खोलीत होतीस, बाबांच्या. पाणी करायची पाळी माझ्यावर आली. मी गाळलेलं पाणी तू उजेडाला धरून पाहिलंस आणि म्हणालीस, "गढूळ आहे." मी म्हणालो, "वास बराबर आहे." तू म्हणालीस, "तुह्या तोंडावरून त दिसत नाई." मग पुन्हा गाळलं. दर शनिवारी, अंथरुणातूनच, "काय म्हणते?" मी दारातून सांगायचो. शेवटच्या शनिवारी तू विचारलंस, "लोकं येऊन राह्यले ते चहासाठी का माह्यासाठी?" मी म्हणालो, चहा तर तुझी सून करते, त्यासाठी कोण येईल? तिनं ऐकलं. तू हसलीस. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती, वहिनी. कोणाचाही पदर नाकाला नव्हता. मी पाहिलं होतं.

तेरवी झाल्यावर मी लालबर्र्याला गेलो, शाळेत तोंड दाखवलं, आणि काल शनिवार होता म्हणून आलो. बस स्टँडवरून चालत आलो. दारात पाय आपोआप थांबले. पिशवी खाली ठेवली. चौकटीवर, तुझा हात असायचा तिथला रंग उडाला आहे. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं, कारण तिथं तुझा हात असायचा.

दादा ओसरीवर बसला होता. म्हणाला, "काहून उभा राह्यला? ये ना."

मी म्हणालो, "येतो."

पण मला जाता येईना. हात आडवा नव्हता, आणि त्याच्याविना कसं आत जायचं ते माहीत नव्हतं. दादानं माझ्याकडं पाहिलं. चौकटीकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून तो उठला, दारात आला, आणि तुझा हा जकात नाका ज्याला कधी पटला नाही, ज्याच्या बिड्या या दारात पकडल्या गेल्या, त्यानं आपला हात चौकटीवर आडवा ठेवला. रंग उडाला होता त्याच्या जरा वर. तो उंच आहे ना.

"सांग," तो म्हणाला. "काय म्हणते घर?"

मी म्हणालो, "बिडी म्हणते."

"अन्?"

"भाजीत हिंग जास्त झाला. बारदान वाळलं नाई."

"अन्?"

"अन् तिचा येते, दादा."

त्याच्या नाकपुड्या हलल्या. मग म्हणाला, "कसा?"

मी पुष्कळ शोधलं, वहिनी. नाल्यापलीकडं गेलो, भट्टीपर्यंत गेलो, खडूत, ट्रंकेत, उकळत्या चादरीत सगळीकडं शोधलं. मग म्हणालो, "चांगला."

तू असतीस तर आत घेतलं नसतंस. दादानं हात काढला.